वाढलेली बांगडी

कामाच्या ठिकाणी तिला सगळे 'हलूनका बाई' म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. दिवसभर काचेच्या अलीकडे बसून माइकमध्ये तिचं एकच पालुपद चालायचं: "हलू नका. श्वास घ्या, पण हलू नका." पलीकडे त्या पांढऱ्या बोगद्यात कुणी ना कुणी आडवं असायचं, एमआरआयचं मशीन आपलं ठाकठूक आणि घरघर करत असायचं, आणि हिच्या समोरच्या पडद्यावर त्या माणसाच्या मेंदूचे काप एकेक करून उमटायचे. माणूस हलला की फोटो फिसकटला, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हलू नका. लहानांना हलू नका, म्हाताऱ्यांना हलू नका. एकदा तर चहा घेऊन आलेल्या शिपायालाच मान वर न करता म्हणाली, "हलू नका," आणि तो बिचारा कप हातात धरून पुतळ्यासारखा उभा राहिला.

घरी ती थोरली. थोरली सून, थोरली वहिनी, थोरली जाऊ. कामाला वाघ. तिचा डबा पाहून शेजाऱ्यांनी घड्याळ लावावं. तिच्याबद्दल घरात कुणाची म्हणजे कुणाची तक्रार नव्हती, आणि तेच तर तिचं दुखणं होतं. तक्रार नाही तसं कौतुकही नाही. नळाला पाणी येतं, तशी थोरली घरात होती. आलं की कुणी बघत नाही, नाही आलं की बोंब!

ती लग्न होऊन आली तेव्हा दीर शाळेत होता. त्याचा डबा तिनं भरला, त्याची गणितं तिनं तपासली, त्याला पहिल्यांदा दाढी करताना कापलं तेव्हा तुरटी तिनंच लावली. तो तिला 'वहिनी, तू' म्हणायचा, आणि त्या 'तू'मध्ये एवढी माया असायची की दिवसभराचा शीण उतरायचा. त्या घरात हक्काचं असं तिचं एक माणूस होतं, ते म्हणजे तो.

मग त्याचं लग्न झालं आणि धाकटी आली.

आता धाकटीचं काय सांगावं! चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणूस चष्मा नीट करायला यायचा आणि हसत हसत नवा घेऊन जायचा. बोलायला लागली की समोरच्याला वेळेचं भान राहायचं नाही. नकला करायची; गिऱ्हाइकांच्या, शेजाऱ्यांच्या, टीव्हीवरच्या बातम्यावाल्याच्या. बघता बघता घरादाराच्या गळ्यातला ताईत झाली. सासूबाई, ज्या थोरलीशी कामापुरतं बोलायच्या, त्या धाकटीच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. थोरलीचा नवरा जेवताना पेपर वाचायचा, तो पेपर बाजूला ठेवून हसायला लागला. आणि थोरलीची लेक! ती तर काकूच्या पायात पायात. केस काकूनं विंचरायचे, ड्रेस काकूनं निवडायचा. कॉलेज बदलायचं तिनं ठरवलं, तेव्हा थोरलीला ते सासूबाईंकडून कळलं. "अगं, काकूला सांगितलंय की तिनं," सासूबाई म्हणाल्या, जणू काकूला सांगितलं म्हणजे विषय संपला.

त्या दिवशी थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भांडी तिनं अशी काही घासली की त्यांची कल्हई निघावी.

सगळ्यात वाईट म्हणजे धाकटी वाईट नव्हती. असती तर किती बरं झालं असतं! मनसोक्त राग राग करता आला असता. एकदा थोरलीची पाठ धरली आणि ती अंथरुणाला खिळली. सगळ्यांनी दारातून डोकावून 'पडून राहा हं' म्हटलं आणि आपापल्या कामाला गेले. रोज येऊन पाठ शेकून दिली ती धाकटीनं. "ताई, तुम्ही बोलतच नाही हो," म्हणायची, "मी काय पाठीशी गप्पा मारू?" थोरली उशीत तोंड खुपसून पडून राहायची आणि मनात म्हणायची, हिनंच का यावं? दुसरं कुणी का नाही?

आणि ती नक्कल. धाकटीची सगळ्यात गाजलेली नक्कल कुणाची होती, तर थोरलीची. नाक दाबून, माइकमधून येतो तसा आवाज काढून ती म्हणायची, "हलूऽऽ नकाऽऽ!" लेक हसून हसून लोळायची. सासूबाई डोळे पुसायच्या. थोरलीही हसायची, चारचौघांत हसावंच लागतं. पण आत कुठेतरी चर्र व्हायचं. माझं बोलणं माझ्या तोंडून कुणी ऐकत नाही, आणि हिच्या तोंडून ऐकायला सगळं घर गोळा होतं!

या घराची आणखी एक गंमत सांगायला हवी. सासूबाईंच्या घरात काहीही फुटत नसे. फुटली, तुटली, संपली असलं अभद्र बोलायची बंदी होती. दुकान बंद करत नसत, दुकान वाढवत. कुणी 'जाते' म्हणत नसे, 'येते' म्हणे. आणि बांगडी कधी फुटत नसे, बांगडी वाढे. हे तसं पुष्कळ घरांत म्हणतात, पण सासूबाईंचं जरा जास्तच होतं. कपबशीपासून कुंडीपर्यंत सगळं वाढायचं. थोरलीच्या हातून एकदा लोणच्याची बरणी पडली तेव्हाही त्या "बरणी वाढली हो" असंच म्हणाल्या, फक्त नंतर महिनाभर ती वाढवत बसल्या.

म्हणून जेव्हा धाकटीच्या हातून चहाचा कप निसटला आणि सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "असू दे गं, वाढला तर वाढला," तेव्हा थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खोटं कशाला बोला, आतून तिला थोडं बरंही वाटलं. पडला एकदाचा हिच्याही हातून.

मग दुसरा पडला. मग काचेचा पेला. मग धाकटी डाव्या पायानं उंबऱ्याला अडखळायला लागली. आधी सगळे हसले, तीही हसली, स्वतःच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. मग एका सकाळी तिला डाव्या हातानं ब्लाउजचं बटण लावता येईना, आणि बोलताना शब्द तोंडात जड व्हायला लागले. तेव्हा हसणं थांबलं.

जवळच्या एका केंद्रात घाईघाईनं साधा स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला मोठा पांढरा डाग. सर्जननं फोटो उजेडात धरून सांगितलं की गाठ दिसतेय, डोकं उघडून तुकडा काढावा लागेल. ऑपरेशनची तारीखसुद्धा दिली. पण त्याआधी शिरेतून औषध देऊन नीट स्कॅन करा म्हणाला, मोठ्या मशीनवर. म्हणजे थोरलीच्या मशीनवर.

घर धाकटीच्या पलंगाभोवती गोळा झालं. सासूबाई उशाशी, दीर पायाशी, लेक तिचा हात हातात घेऊन. जेवायचीही कुणाला शुद्ध नव्हती. थोरली जेवण करायची, वाढायची, उष्टी उचलायची. आणि काय सांगावं, तिला त्या आजाराचासुद्धा हेवा वाटला. माझी पाठ धरली तेव्हा कुठे होतात रे सगळे? एके दिवशी भांडी घासताना तिच्या मनात आलं, हिचं काही बरंवाईट झालं तर घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. आणि तिचा हात तसाच नळाखाली थांबला. आपल्या मनात हे आलं? आपल्याच? तिला स्वतःची भीती वाटली. तिनं नळ मोठा सोडला आणि चेहऱ्यावर पाणी मारलं.

स्कॅन मीच करणार, असं तिनं कामावर सांगून टाकलं. "घरचं माणूस आहे ना," सगळे म्हणाले, "माया असते." माया होती की काय होतं देव जाणे. तिला एकदा बघायचं होतं की सगळ्या घराला वेड लावणाऱ्या या बाईच्या डोक्यात असं आहे तरी काय!

इथे त्या काचेमागच्या खोलीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिरेतून औषध दिलं की मेंदूतल्या दुखऱ्या भागाची कड पडद्यावर उजळते. कधी कधी ती गोल उजळते, बांगडीसारखी. बांगडी पुरी असली, तर बहुतेक गाठ तरी असते किंवा पू तरी. पण क्वचित, फार क्वचित, बांगडी एका बाजूनं उघडी असते. तेव्हा डॉक्टर सावध होतात. कारण मग ती गाठ नसून गाठीचं सोंग घेतलेला एक वेगळाच आजार असू शकतो. वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं मेंदूतल्या तंतूंवर एक आवरण असतं. शरीराचीच संरक्षण करणारी फौज चुकून त्या आवरणावर उलटते आणि ते झडायला लागतं. असं ते एका जागी एवढ्या मोठ्या प्रमाणात झालं की भल्याभल्यांना गाठ वाटते. त्याला चाकू लागत नाही, सलाइनमधून औषध लागतं.

पुष्कळ वर्षांपूर्वी अशी पहिली केस आली तेव्हा डॉक्टर पडद्याला बोट लावून म्हणाले होते, "हे बघा बाई, बांगडी तुटलीय."

"तुटली म्हणू नये डॉक्टर," थोरली सवयीनं बोलून गेली, "वाढली म्हणावं. आमच्या सासूबाई रागावतात."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. तेव्हापासून त्या खोलीत उघडी बांगडी म्हणजे 'वाढलेली बांगडी'. नवा माणूस कामाला लागला की त्याला पहिला हा शब्द शिकवायचे. थोडक्यात, त्या खोलीत सगळ्यांना हसवणारी बाई थोरलीच होती. पण हे घरी कुणाला ठाऊक!

स्कॅनच्या दिवशी सासूबाई, दीर आणि लेक तिघंही आले. नवरा कामावरून परस्पर येणार होता. कपडे बदलायच्या खोलीत थोरलीनं धाकटीच्या अंगावरचं धातूचं सगळं उतरवून घेतलं. कानातलं, केसातल्या पिना, आणि डाव्या मनगटातली चांदीची बांगडी. ती बांगडी लेकीनं काकूला वाढदिवसाला दिली होती. आईला तिनं घड्याळ दिलं होतं. "तू वेळेची पक्की ना, म्हणून," म्हणाली होती. दिवसभर मशीनजवळ ये-जा करणाऱ्या बाईला घड्याळ! ते कपाटातच पडून होतं.

बांगडी निघेना. धाकटीची बोटं मिटत नव्हती, हात नुसता जड होऊन मांडीवर पडला होता. थोरलीनं साबण लावून एकेक बोट दाबत बांगडी काढली आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकली.

"सांभाळून ठेवा हं ताई," धाकटी म्हणाली. 'सांभाळून' म्हणताना तिची जीभ अडखळली.

"हो गं," थोरली म्हणाली, "खाणार नाही मी ती."

मशीन सुरू झालं. पहिले फोटो नीट आले. औषध दिलं. आता शेवटचे, सगळ्यात महत्त्वाचे. मागे डॉक्टर येऊन उभे राहिले होते. थोरलीनं माइकचं बटण दाबलं आणि जन्मभराच्या सवयीनं म्हणाली, "हलू नका."

पलीकडे धाकटीची पावलं हलली. मग गुडघे. मग सगळं अंगच गदगदायला लागलं. माइकमधून आवाज आला. ती हसत होती! त्या बोगद्यात, डोक्याला पिंजरा लावलेला असताना, ती खदखदून हसत होती.

पडद्यावर सगळं फिसकटलं. जिथे कड दिसायला हवी तिथे नुसता धूर. बांगडी होती, पण पुरी की उघडी, काही कळेना.

"बाई, हे काय?" डॉक्टर म्हणाले. "यावर मी काय सांगू? औषध आहे तोवर पुन्हा घ्या."

थोरली तरातरा आत गेली. "हसायला काय झालं तुला?"

"ताई, तुम्ही खरंच तसंच म्हणता हो! मला वाटायचं मी उगीच मीठमसाला लावते." आणि बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "मला भीती वाटतेय हो. फार भीती वाटतेय. म्हणून हसू येतंय."

थोरली उभी राहिली. नकलांचा, केस विंचरण्याचा, पेपर बाजूला ठेवण्याचा सगळा राग तिच्या घशाशी आला होता, आणि समोर एक घाबरलेली पोर आडवी पडली होती. तिनं काचेपलीकडच्या सहकाऱ्याला खूण केली, तू चालव. आणि स्वतः बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून धाकटीची दोन्ही पावलं हातात धरली. गारठली होती.

"हलू नकोस गं," ती म्हणाली. "मी आहे इथे."

"तू आहेस ना, ताई?"

"आहे. गप्प पड आता."

मशीन ठणाणलं. धाकटी हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं असेल, पण ती हलली नाही.

थोरली बाहेर आली तेव्हा डॉक्टर खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. "बाई, इकडे या! बघा, बघा! बांगडी वाढलीय! चांगलीच वाढलीय!"

तिनं बघितलं. स्वच्छ फोटो. उजळलेली कड, आणि बाहेरच्या बाजूनं उघडी. थोरलीचा जीव भांड्यात पडला. अगदी खरा, मनापासून. डॉक्टरांनी लगेच सर्जनला फोन लावला आणि पाठ फिरवून बोलायला लागले.

तेवढ्यात तिचं दाराकडे लक्ष गेलं. दार अर्धवट उघडं होतं आणि दारात दीर उभा होता. विचारायला आला असावा. चेहरा पांढराफटक.

"वहिनी," तो म्हणाला, "वाढलीय?"

सांगायला तिनं तोंड उघडलंच होतं. पण त्याच्या खांद्यावरून तिला बाहेरचा बाक दिसला. बाकावर तिची लेक काकूचा स्वेटर छातीशी घट्ट धरून बसली होती, नाक त्यात खुपसून, लहानपणी आईच्या साडीत खुपसायची तसं. आणि थोरलीच्या आत काहीतरी फिरलं. माझ्यासाठी कधी असं कुणी बसलं होतं? माझ्यासाठी याचा चेहरा कधी असा पांढरा पडला होता? बघू दे तरी, हिच्यासाठी किती रडतात ते. थोडा वेळ. सुई काढून हिला खाली उतरवेपर्यंत.

"हो," ती म्हणाली. "वाढलीय."

एक अक्षर खोटं नव्हतं. ती वळली आणि आत निघून गेली.

तिनं सुई काढली, कापूस दाबून धरला, चपला पायांत सरकवल्या. "काय दिसलं, ताई?" धाकटीनं विचारलं. "डॉक्टर सांगतील," थोरली म्हणाली. तिनं धाकटीला चाकाच्या खुर्चीत बसवलं, खणातली बांगडी काढून मुठीत घेतली आणि खुर्ची ढकलत बाहेर आली.

दीर भिंतीला टेकून खाली फरशीवर बसला होता, कपाळ गुडघ्यांवर. सासूबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. लेक मात्र मोठ्यानं रडत होती, आजूबाजूच्या लोकांची पर्वा न करता, पाच वर्षांच्या पोरीसारखी.

बघायचं होतं ना थोरलीला? घे, बघ!

धाकटीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तिला जे समजायचं ते समजली. ती रडली नाही. चांगल्या हातानं तिनं पुतणीला जवळ ओढलं, नाक दाबलं आणि म्हणाली, "हलूऽऽ नकाऽऽ."

पण जीभ जड झाली होती. शब्द वेडावाकडा, लोळत बाहेर आला. कुणी हसलं नाही. तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, पुन्हा तसाच आला. लेकीनं हंबरडा फोडला. मग तिनं वळून आईकडे पाहिलं आणि तिच्या अंगावर ओरडली, "आई, तू अशी कशी गं उभी? तुला काहीच कसं होत नाही? जरा तरी हल ना!"

आणि थोरलीच्या तोंडून आवाज फुटला तो सगळ्या व्हरांड्यात घुमला.

"फुटलीय! अगं, बांगडी फुटलीय! वाढलीय म्हणजे फुटलीय! गाठ नाहीये ती. डोक्यात गाठ असली की बांगडी पुरी असते, हिची फुटलीय! ऐकताय ना, आई? फुटलीय!"

सासूबाईंसमोर तो शब्द आजवर कुणी काढला नव्हता. त्या बाकाचा हात धरून उठल्या, थोरलीच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"फुटली?" त्यांनी विचारलं. "नक्की फुटली?"

"हो, आई."

"फुटली ना? मेली फुटली ना? बरं झालं फुटली! फुटू दे, चांगले तुकडे होऊ देत!" आणि सासूबाई धाकटीच्या गळ्यात पडून 'फुटली, फुटली' म्हणत अशा रडल्या की साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडावं.

डॉक्टर बाहेर आले. हुरळून जाऊ नका म्हणाले, पाठीतलं पाणी तपासायचंय, औषध किती लागू पडतं ते बघायचंय, असले आजार पुन्हाही डोकं वर काढतात. पण डोकं उघडायचं आता थांबवलंय, सर्जनशी बोलणं झालंय. मग दिराच्या खांद्यावर हात ठेवून ते हसत म्हणाले, "तुम्ही बाहेर भलतंच ऐकलंत वाटतं. 'वाढली' हा आमच्या खोलीतला शब्द हो! आणि आम्हाला तो शिकवला कुणी, तर तुमच्या या वहिनींनी. त्यांना विचारलं असतंत तर तिथल्या तिथे कळलं असतं."

दिरानं थोरलीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिनं मुठीतली बांगडी धाकटीच्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या पेशंटला बोलवायला गेली.

औषध लागू पडलं. एकदम नाही, हळूहळू. आधी बोटं मिटायला लागली, मग कप धरता यायला लागला. करंगळी अजून जरा रुसलेली आहे, आणि अधूनमधून तपासणीसाठी त्या बोगद्यात जावं लागतं. ती मशीनमध्ये थोरलीशिवाय झोपत नाही. "ताई, तू पाय धर," म्हणते. नकला पुन्हा सुरू झाल्या आहेत. नवी नक्कल सासूबाईंची, 'मेली फुटली ना!' आणि सासूबाई स्वतःच त्यावर सगळ्यात जास्त हसतात.

आणि थोरलीचं कौतुक विचारू नका. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आमच्या थोरलीनंच शोधून काढलं हो. ती म्हणते, अहो, डॉक्टरांनी शोधलं. पण ऐकतंय कोण! नवऱ्यानं सगळ्या ऑफिसात सांगितलं. लेक येऊन शेजारी बसते, काही नसलं तरी बसते. जन्मभर जे हवं होतं ते सगळं तिच्या पदरात पडलं.

धाकटी घरी आली त्या संध्याकाळी थोरली सगळ्यांना चहा देत होती. दिरासमोर कप धरला तेव्हा तो उठून उभा राहिला.

"तुम्ही बसा, वहिनी," तो म्हणाला. "मी घेतो."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच. 'वहिनी, तुम्ही जेवलात का?' 'वहिनी, तुम्हाला काही आणायचंय का?' सासूबाईंचा ऊर भरून आला. "बघा, बायकोला वाचवली म्हणून कसा मान देतोय वहिनीला!"

त्यानं कधी एक वाकडा शब्द काढला नाही. आवाज चढवला नाही, बायकोला काही सांगितलं नाही. फक्त ते 'तुम्ही'. एकदा घरात दोघंच असताना थोरलीनं धीर करून विचारलं, "अरे, मला तुम्ही काय म्हणतोस? मी काय परकी आहे?"

तो ताट धूत होता. त्यानं नळ बंद केला.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही मोठ्या आहात."

आणि ताट पुसून त्यानं जागेवर ठेवलं.